सहाशे ऐंशी किलोमीटरला दीड तास का लागतो?

शेजारच्या काकू डिसेंबरात लेकीकडे मुंबईला जायच्या होत्या. आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास. जावयानं तिकीट काढून मोबाइलवर पाठवलं होतं. ते उघडून काकू आमच्या अंगणात आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. मी बरीच वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे असे प्रश्न गल्लीतून माझ्याकडेच येतात.

"सर, नागपूर-मुंबई विमानाचं अंतर सहाशे ऐंशी किलोमीटर दाखवते. विमान ताशी आठशेच्या वर पळते म्हणतात. भागाकार केला तर पन्नासच मिनिटं होतात. मग तिकिटावर दीड तास काहून लिहिला?"

काकूंचा भागाकार बरोबर होता. ताशी ८३० किलोमीटर धरले तर ६८० किलोमीटरला ४९ मिनिटं होतात. मधली चाळीस मिनिटं जातात कुठे, हा त्यांचा प्रश्न. अंगणात मी दिलेलं उत्तर अर्धवटच होतं. नंतर वाटलं, हे नीट बसून लिहायला हवं, कारण अंतर आणि वेळ हे दोन शब्द आपण जितके सहज वापरतो तितके ते सरळ नाहीत.

आधी अंतराचं बघू. नागपूर ते मुंबई किती? रेल्वेनं गेलात तर ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. विमानाचं अंतर ६८० च्या आसपास. तिन्ही आकडे खरे आहेत, पण ते तीन वेगळ्या गोष्टींची मापं आहेत. रेल्वे बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, इगतपुरी असा रस्ता धरते. अकोल्याकडून भुसावळकडे ती पूर्णा-तापीच्या सपाट खोऱ्यातून जाते, कारण रूळ टाकणाऱ्यांना चढ टाळायचे असतात. मग मनमाडकडे खाली वळते आणि कसारा घाट उतरते. त्या ८३७ किलोमीटरमध्ये जमिनीचे सगळे चढउतार आणि वळणं आली.

समृद्धीच्या आकड्यात आणखी एक गंमत आहे. हा रस्ता नागपूरजवळ शिवमडक्याला सुरू होतो आणि भिवंडीजवळ आमणे इथे संपतो. शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. म्हणजे ७०१ हे काटेकोरपणे शिवमडका-आमणे अंतर आहे. तुमच्या घरापासून शिवमडका आणि आमण्यापासून लेकीचं घर, हे दोन तुकडे त्यात नाहीत. कुठलंही अंतर ऐकलं की 'कुठून कुठे' आणि 'कोणत्या वाटेनं' हे दोन प्रश्न आधी विचारावेत. वर्गात मुलांना मी हे दरवर्षी सांगायचो.

हीच गोष्ट आपल्या नागपूरच्या झिरो माइलच्या दगडावर कोरलेली आहे. हा दगड देशाचा मध्यबिंदू म्हणून प्रसिद्ध असला, तरी मुळात तो भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, १९०७ सालचा दगड आहे. त्यावर काही गावांची अंतरं मैलांत आहेत आणि हैदराबादपुढे ३१८ मैल लिहिलेलं आहे. ३१८ मैल म्हणजे ५१२ किलोमीटर. आता नकाशावर नागपूर-हैदराबाद सरळ रेषा ओढली तर ती भरते ४२३ किलोमीटर. सरळ रेषेपेक्षा वाट एकपंचमांशानं लांब. सपाट मुलखातल्या रस्त्यांना साधारण एवढी वाढ धरावीच लागते, आणि घाट आले की ती आणखी वाढते.

मग विमानाची सरळ रेषा कशी मोजतात? त्यासाठी टेप लावत नाहीत, रस्ताही बघत नाहीत. लागतात फक्त दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश. हा हिशेब तुम्ही कागदावर करू शकता, आणि एकदा करून बघाच. सोनेगावचं आपलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ २१.०९ अंश उत्तर अक्षांश आणि ७९.०५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व. अक्षांशातला फरक बरोबर २ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा मुंबई नागपूरच्या दक्षिणेला २२२ किलोमीटर झाली. रेखांशातला फरक ६.१८ अंश. इथे मात्र सरळ १११ नं गुणता येत नाही. रेखावृत्तं विषुववृत्तावर सर्वांत लांब-लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत येत एका बिंदूत मिळतात. आपल्या २० अंशांच्या आसपास त्यांच्यातलं अंतर विषुववृत्तावरच्या ९४ टक्के उरतं. म्हणून ६.१८ गुणिले १११ गुणिले ०.९४, म्हणजे मुंबई पश्चिमेला ६४५ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या, कर्ण काढा. २२२ चा वर्ग अधिक ६४५ चा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं ६८२. काकूंच्या मोबाइलवरचा आकडा दहावीच्या गणितानं निघाला.

याच रीतीनं मी इतर शहरंही मोजली. नागपूरहून पुणे ६०५ किलोमीटर, दिल्ली ८५५, बंगळूरु ८९०, चेन्नई ९०५, कोलकाता ९८५. हे विमानतळ ते विमानतळ आकडे आहेत. शहराच्या मध्यापासून मोजणारा नकाशा पाच-दहा किलोमीटर इकडेतिकडे दाखवेल. सोनेगाव आणि झिरो माइल यांच्यातच सात-आठ किलोमीटर आहेत. तेव्हा दोन ठिकाणी थोडे वेगळे आकडे दिसले म्हणून एक खोटा ठरत नाही.

हा पायथागोरस हजारेक किलोमीटरपर्यंतच चालतो. त्यापुढे पृथ्वीची गोलाई आडवी येते आणि 'सरळ' या शब्दाचाच अर्थ बदलतो. हे समजून घ्यायला घरातला पाण्याचा माठ घ्या. माठाच्या पोटाच्या वर, खांद्यावर, एकाच उंचीला पण समोरासमोरच्या दोन बाजूंना खडूनं दोन खुणा करा. त्या उंचीवरून गोल फिरत एका खुणेपासून दुसरीपर्यंत दोरा नेला तर तो किती लागतो ते बघा. आता दोन्ही टोकं खुणांवर धरून दोरा ताणा. तो आपोआप वर, तोंडाच्या दिशेनं सरकेल आणि कमी लागेल. ताणलेला दोरा सर्वांत जवळचा रस्ता स्वतः शोधतो. पृथ्वीवर त्या दोऱ्याच्या रेषेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. विमानाची अंतरं सांगणारे सगळे आकडे या कंसावर मोजलेले असतात.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण नागपूरचंच आहे. हवाई बेटांवरचं होनोलुलु शहर जवळजवळ नागपूरच्याच अक्षांशावर आहे, २१.३ अंश उत्तर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर वाटेल, नाक सरळ पूर्वेकडे ठेवून गेलं की झालं. तसं अक्षवृत्तावरून गेलात तर सुमारे १२,७५० किलोमीटर पडतात. दोरा ताणलात तर १२,२५० च्या आत काम होतं. पाचशे किलोमीटरची बचत! आणि हा दोरा वाटेत कुठे चढतो? थेट ३९ अंश उत्तरेपर्यंत, उत्तर जपानवरून. नागपूरहून होनोलुलुचा सर्वांत जवळचा रस्ता जपानच्या बर्फाळ डोंगरांवरून जातो, हे सपाट नकाशा कधीच सांगत नाही. सॅन फ्रान्सिस्को-बंगळूरु विमान उत्तर ध्रुवाकडून का नेलं, याचं कारणही हेच. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरुला आलेल्या एअर इंडियाच्या विमानात सगळ्या वैमानिक महिला होत्या आणि त्या ध्रुवावरून आल्या.

वैमानिक अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ही अडनिडी संख्या आली ती अक्षांशाच्या अंशातून. एका अंशाचे साठ भाग केले की प्रत्येक भाग एक सागरी मैल. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. नागपूर-मुंबई ३६८ सागरी मैल आहे.

आता विमान खरोखर या कंसावरून जातं का? साधारण जातं, अगदी तंतोतंत नाही. पहिलं कारण धावपट्टी. आपल्या धावपट्टीच्या दोन टोकांना १४ आणि ३२ असे आकडे आहेत. त्यांचा अर्थ होकायंत्रावरचे १४० आणि ३२० अंश, म्हणजे पट्टी आग्नेय-वायव्य आहे. मुंबईची दिशा २५१ अंशांच्या आसपास, पश्चिमेच्या जरा दक्षिणेला. विमानाला वाऱ्याच्या समोर तोंड करून उडायचं असतं. त्यामुळे ते वायव्येकडे उडालं तर डावीकडे सत्तरेक अंश वळणार, आग्नेयेकडे उडालं तर उजवीकडे शंभराहून जास्त अंश. दोन्हींत काही किलोमीटर वाढतात. दुसरं कारण म्हणजे आकाशातही ठरलेल्या वाटा असतात. त्या वाटांवर खुणेचे बिंदू असतात, बहुतेकांना पाच अक्षरी नाव असतं, आणि विमान एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जातं. तिसरं कारण लष्करी हद्दी. देशाचं फक्त ६० टक्के आकाश नागरी विमानांना मोकळेपणी मिळतं, असं केंद्र सरकारनं मे २०२० मध्ये सांगितलं होतं आणि ते वाढवायचं ठरवलं होतं. शेजारी देशानं आकाश बंद केलं तर फरक किलोमीटरचा न राहता तासांचा होतो. २०१९ साली फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. २०२५ च्या एप्रिलपासून भारतीय विमानांवर पुन्हा तीच वेळ आली.

काकूंना वाटलं होतं, एवढं उंच चढायचं तर त्यातच अंतर वाढत असेल. अकरा किलोमीटर उंचीवरचं वर्तुळ जमिनीवरच्या वर्तुळापेक्षा मोठं असतंच. पण पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे, तिच्यापुढे ११ किती? हिशेब केला तर मुंबईपर्यंत वाढतात जेमतेम सव्वा किलोमीटर. उंचीमुळे अंतर वाढत नाही म्हटलं तरी चालेल. उंचीमुळे वेळ मात्र वाढतो, आणि त्या चाळीस मिनिटांतला बराचसा भाग इथेच आहे.

काकूंनी ताशी ८३० चा वेग सगळ्या ६८० किलोमीटरला लावला होता. विमान हा वेग गाठतं ते चढून झाल्यावर. दहा हजार फुटांच्या खाली तर त्याला २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या वर जाता येत नाही. चौतीस-पस्तीस हजार फूट चढायला साधारण वीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात दोनशेक किलोमीटर मागे पडतात. उतरायचं गणित याहून महत्त्वाचं. वैमानिकांचा एक जुना ठोकताळा आहे: जितके हजार फूट खाली यायचं, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला लागायचं. पस्तीस हजार फूट तर पस्तीस त्रिक एकशे पाच सागरी मैल, म्हणजे जवळजवळ दोनशे किलोमीटर. वेग कमी करायला त्याच्याही थोडं आधी.

नागपूर-मुंबई सरळ रेषा नकाशावर ओढून बघा. ती वर्ध्याच्या उत्तरेकडून, अमरावतीच्या दक्षिणेकडून निघून मेहकरजवळून जाते आणि छत्रपती संभाजीनगरच्या जवळजवळ डोक्यावरून पुढे सरकते. संभाजीनगरहून मुंबई विमानतळ २७० किलोमीटर. म्हणजे संभाजीनगर मागे पडून थोडा वेळ झाला नाही तोच विमान उतरायला लागतं. आणि चढणं संपतं तेव्हा ते अमरावती-अकोल्याच्या रेषेपाशी असतं. पूर्ण वेगाचा प्रवास काय तो मेहकर आणि संभाजीनगरच्या पट्ट्यात, वीस-बावीस मिनिटांचा! चहाचा कप हातात येईपर्यंत कप परत मागायला येतात, त्याचं कारण हे.

आता बेरीज करू. चढायला २० मिनिटं, सपाट २२, उतरणं आणि धावपट्टीशी रांगेत येणं २८. झाली ७० मिनिटं. उरलेली मिनिटं जमिनीवरची. तिकिटावरची वेळ चाकं जमिनीवरून सुटण्याची नसते. विमान उभं असताना चाकांपुढे ठोकळे लावलेले असतात, त्यांना चॉक म्हणतात. ते काढून विमान जागेवरून हललं की सुटण्याची वेळ, आणि मुंबईत जागेवर उभं राहून पुन्हा ठोकळे लावले की पोहोचण्याची वेळ. या सगळ्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. नागपुरात धावपट्टीच्या टोकाला जायला सात-आठ मिनिटं, मुंबईत उतरून जागेपर्यंत यायला आणखी तेवढीच किंवा जास्त. सत्तरात पंधरा-वीस मिळवा. आला दीड तास.

मुंबईचा विषय निघाला तर एक सांगायला हवं. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालवता येते. देशातल्या सर्वांत गर्दीच्या विमानतळांपैकी एक, आणि कामात एकच पट्टी. गर्दीच्या वेळी विमानाला हवेत थांबवावं लागतं. थांबणं म्हणजे लांबट गोल घिरट्या घालणं. एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, परत एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण. एक घिरटी चार मिनिटांची. तीन घिरट्या झाल्या की बारा मिनिटं गेली आणि अंतर तिथल्या तिथेच. विमान कंपन्या हा अनुभव धरूनच वेळापत्रक आखतात, म्हणून गर्दी नसली की विमान 'वेळेआधी' पोहोचतं. वैमानिकानं वेग वाढवला असं प्रवाशांना वाटतं, पण बहुतेकदा ती राखून ठेवलेली मिनिटं वाचलेली असतात.

राहिला वारा. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो आणि हवा स्वतः वाहत असते. नदीत पोहणाऱ्याला पाण्याची ओढ असते तशी. हिवाळ्यात उत्तर भारतावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरकस वाऱ्याचा पट्टा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण त्यांनी आपलं काम एस्परांतो या कृत्रिम भाषेत छापलं, त्यामुळे बाहेर फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. आपला पावसाळा याच्या उलट आहे. तेव्हा दक्षिण भारतावर वरच्या थरात पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात. १९५८ साली पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञानं त्या पूर्वेच्या जेट स्ट्रीमवरचं आपलं काम मांडलं. ढगांच्याही वरच्या हवेचा ऋतूनुसार दिशा बदलणारा हा खेळ आपल्याच डोक्यावर चालतो आणि आपल्याला त्याची चाहूलही नसते.

याचा परिणाम किती? कोलकाता घेऊ, कारण मुंबईच्या उड्डाणात पूर्ण वेगाचा भाग फार थोडा आहे. समजा पश्चिमेचा वारा ताशी १०० किलोमीटर आहे आणि सोय म्हणून सगळा प्रवास पूर्ण वेगानं धरला. नागपूरहून कोलकात्याला जाताना वारा पाठीशी. जमिनीच्या हिशेबानं वेग ९३०, आणि ९८५ किलोमीटरला ६४ मिनिटं. येताना वारा तोंडावर. वेग ७३०, आणि वेळ ८१ मिनिटं. एकाच रस्त्यावर सतरा मिनिटांचा फरक. अनेकांना वाटतं, जाताना मिळालेलं येताना गेलं, हिशेब बरोबरीत सुटला. तसं होत नाही. वारा नसता तर जाऊन येऊन १४२ मिनिटं लागली असती, वाऱ्यात लागली १४५. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, तो त्याला जास्त वेळ मागे ओढतो.

इथे मुलांचा हमखास प्रश्न असायचा: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसतं वर थांबलं तर मुंबई आपोआप खाली येणार नाही का? नाही, कारण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या विदर्भ एक्स्प्रेसच्या डब्यात उडणारी माशी मागच्या दारावर जाऊन आपटत नाही, तसंच. पृथ्वीच्या फिरण्याचा वेग मात्र मोजून बघण्यासारखा आहे. नागपूर आणि मुंबईच्या रेखांशात ६.१८ अंशांचा फरक, आणि एका अंशाला पृथ्वी चार मिनिटं घेते. म्हणजे नागपुरात सूर्य डोक्यावर आल्यावर साधारण पंचवीस मिनिटांनी तो मुंबईत डोक्यावर येतो. आपल्या अक्षांशावर ही माध्यान्हीची वेळ ताशी सुमारे १,५७० किलोमीटरनं पश्चिमेकडे पळते. प्रवासी विमान तिच्या निम्म्या वेगानं जातं.

पंचवीस मिनिटांचा हा फरक घड्याळात दिसत नाही, कारण देशभर वेळ एकच. परदेशात तो दिसतो आणि गोंधळ करतो. नागपूरहून दोहाला थेट विमान आहे, अंतर २,८४० किलोमीटर. दोहाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. समजा विमान पहाटे चारला सुटलं आणि सव्वाचार तासांनी पोहोचलं. तिकिटावर पोहोचण्याची वेळ दिसेल ५.४५. कुणी वजाबाकी केली तर पावणेदोन तासांचा प्रवास! परत येताना हेच उलट होऊन पावणेसात तास झाल्यासारखे वाटतील. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

अंतर आणि वेळ या दोन्हींचा हिशेब नागपूरएवढा क्वचितच दुसऱ्या गावाच्या कामी आला असेल. मघाचे आकडे परत बघा: मुंबई ६८०, दिल्ली ८५५, चेन्नई ९०५, कोलकाता ९८५. चारी महानगरं एका उडीच्या टप्प्यात. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-कोलकाता या दोन सरळ रेषा ओढल्या तर दोन्ही नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरच्या अंतरानं जातात. स्वातंत्र्यानंतर लगेच, जानेवारी १९४९ मध्ये, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली ती याच भूगोलावर. चारी शहरांतून टपालाची विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र यायची, पोती बदलायची आणि आपापल्या शहराकडे परत फिरायची. मुंबईचं विमान दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईची पत्रं घेऊन पहाटे मुंबईत. देशातलं टपाल जादा पैसे न घेता विमानानं न्यायची योजनाही त्याच वर्षीची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही सेवा चालली.

त्या वेळी डाकोटा विमानं असायची. त्यांचा वेग ताशी २६० धरून मी हिशेब केला. मुंबईहून २ तास ३७ मिनिटं, दिल्लीहून ३ तास १७, चेन्नईहून साडेतीन आणि कोलकात्याहून ३ तास ४७ मिनिटं. सगळ्यांना एकाच वेळी नागपुरात पोहोचायचं तर कोलकात्याचं विमान मुंबईच्या विमानाआधी एक तास दहा मिनिटं निघायला हवं. एकाला उशीर झाला की बाकी तिघांची पोती अडकणार. अंधारात, आजच्यासारखी उपग्रहाची मदत नसताना, रात्रीमागून रात्र हे जमवणाऱ्या वैमानिकांचा आणि धावपट्टीवर कंदिलासारख्या उजेडात पोती वाहणाऱ्या टपालाच्या माणसांचा मला फार आदर वाटतो. निम्म्या देशाची ख्यालीखुशाली आपल्या गावात रात्रीतून हातबदल होत होती.

काकूंना मी शेवटी एवढंच सांगितलं, की दीड तास हा विमानाचा वेळ झाला, तुमचा नाही. मानेवाड्याहून सोनेगावला पोहोचायचं, सामान देण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, विमानात चढायचं दार पंचवीस मिनिटं आधी. मुंबईत पट्ट्यावरून बॅग यायची, मग रिक्षा आणि तिथली वाहतूक. घर ते घर पाच तास धरा.

काकूंनी जाताना एक काम केलं, जे मी विद्यार्थ्यांना सांगूनही बहुतेक जण करत नसत. कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे चार वेळा लिहून आणल्या: विमान हललं ७.४१, चाकं सुटली ७.५०, चाकं टेकली ९.०१, विमान थांबलं ९.१२. मुंबईहून फोन करून त्यांनी त्या मला वाचून दाखवल्या. मी इकडे कागद घेतला. हवेत ७१ मिनिटं, जमिनीवर २०, एकूण ९१.

"सर, अन् परतीला वारा मागून राहील नं? मंग पाच मिनिटं तरी लवकर यायला पायजे. मी लिहून ठेवते."